पितळी बिल्ले आणि कळकट पुठ्ठे: सोलापुरातल्या एका डब्याचं प्रकरण

दुसऱ्या महायुद्धातल्या सुट्ट्या पैशाच्या टंचाईत नाण्याऐवजी चाललेली टोकनं म्हणून आपल्याकडं जे पितळ फिरतंय ना, त्यातलं बरंचसं टंचाईचंही नाही आणि पैशाच्या जागी कधी चाललेलंही नाही, हे मी जुनी नाणी-टोकनं गोळा करणाऱ्यांच्या ग्रुपवर लई वेळा बोललोय आणि लई वेळा शिव्याही खाल्ल्यात. म्हणून एक अख्खं प्रकरण सविस्तर लिहितो. सोलापुरातलंच आहे, ह्याच्यात पितळ पण होतं, पुठ्ठा पण होता, आणि सगळ्यांच्या नजरा पितळावर. घरच्यांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळं दुकानाचं, घराचं, कुणाचंच नाव येणार नाही.

साखर पेठेतलं जुनं घर. आजोबांचं खाली किराणा दुकान होतं आणि मागच्या अंगाला हातमागाचा छोटा कारखाना, आता दोन्ही नाही, वाटणी होऊन घर पाडायचं ठरलं आणि माळा रिकामा करताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. नातवानं फोटो काढून एका डीलरला पाठवले, डीलर म्हणाला सेकंड वर्ल्ड वॉरची टोकनं आहेत, पितळेचा नग दोनशेला एक, बाकीचा कागदाचा कचरा फेकून दिला तरी चालेल. नातू जरा सावध निघाला, त्यानं कुणाकडून तरी माझा नंबर घेतला. मी पहिलं एवढंच सांगितलं की काही धुवायचं नाही, काही फेकायचं नाही आणि डब्यातल्या वस्तू ज्या थरात आहेत त्या थरातच राहू देत. तोवर घरातल्या कुणीतरी चार बिल्ले पितांबरीनं लखलखीत करून ठेवलेच होते, ते काय चुकत नाही आपल्याकडं.

डब्यात होतं काय ते आधी सांगतो. पितळी गोल बिल्ले ३७, प्रत्येकावर ठोकलेला नंबर आणि दोन अक्षरं, वरच्या कडेला भोक. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या ४३, आगपेटीपेक्षा थोड्या लहान, वर शाईनं रक्कम आणि सही. बटर पेपरच्या घडीत पोस्टाची चार तिकिटं, दमटपणानं एकमेकांना चिकटलेली. मूठभर भोकाचे पैसे, दोन-तीन निजामी नाणी. आणि डब्याच्या खाली, डब्यात मावत नाही म्हणून फडक्यात बांधून ठेवलेली एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही, लांबट, मोडीत लिहिलेली. फोटोत ही वही नव्हतीच, नातवाला ती दाखवायच्या लायकीची वाटली नव्हती.

आता हे सगळं समजायला १९४० ते ४३ मध्ये सुट्ट्या पैशाचं काय झालं ते थोडं माहीत पाहिजे. तेव्हाचा हिशोब रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. युद्ध पेटल्यावर आणि विशेषतः १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांचा नोटेवरचा भरवसा हलला, लोक नोटा देऊन चांदीचे रुपये घेऊन घरात पुरायला लागले. सरकारनं १९४० च्या जून महिन्यात हुकूम काढला की स्वतःच्या किंवा धंद्याच्या गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा, त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट आणली, आणि रुपयातली चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आणली. म्हणजे मजुराच्या हातात आधी जिथं चांदीचा रुपया पडायचा तिथं कागद पडायला लागला, आणि कागद मोडायला खुर्दा पाहिजे. खुर्द्याची बोंब खरी झाली ती १९४२-४३ मध्ये. जपान युद्धात उतरल्यावर महागाई वाढली, तांब्याला भाव आला, दारूगोळ्याला धातू पाहिजे, टांकसाळी मुंबई आणि कलकत्ता ह्या दोनच (लाहोरची १९४३ मध्ये सुरू झाली), आणि लोकांनी तांब्याचे पैसे दाबून ठेवले. जुना पाव आणा साधारण ४.९ ग्रॅमचा, त्याच्या जागी १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला तो २ ग्रॅमच्या आसपास. भोक पाडलं ते काय शोभेला नव्हतं, धातू वाचवायला होतं. अर्धा आणा, आणा, चवली ही पण १९४२ पासून पिवळ्या निकेल-पितळेची यायला लागली.

सोलापुरात ह्याची झळ जरा जास्तच लागणार. गिरण्यांचं गाव, जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, हजारो माणसं पगारावर, शिवाय पूर्व भागात घरोघर माग आणि विड्या वळणाऱ्या बायका. ह्या सगळ्यांची खरेदी रोजची आणि पैशा-दोन पैशाची. पैशाचं मीठ, दोन पैशाचं तेल, आण्याची डाळ. ज्या गावात लोक महिन्याचा किराणा एकदम भरतात तिथं खुर्दा नसला तरी एकवेळ निभतं, इथं दुकानच बंद पडायची वेळ. त्यात शेजारी नळदुर्ग, तुळजापूर निजामाच्या मुलखात, तिथून येणारं गिऱ्हाईक हाली पैसे घेऊन येणार, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार (इंग्रजी) रुपये, हा हिशोब दुकानदाराला तोंडपाठ लागायचा. डब्यातली निजामी नाणी तिथूनच आलेली.

मग दुकानदार काय करायचे? पोस्टाची तिकिटं द्यायचे, उधारी लिहून ठेवायचे, बदल्यात गुळाचा खडा नाहीतर काड्याची पेटी द्यायचे, किंवा स्वतःची चिठ्ठी काढायचे. संस्थानांनी तर सरळ स्वतःची कुपनं छापली, काठेवाडातल्या मोरवी, जुनागड, तिकडं राजस्थानात बुंदी, बिकानेर वगैरे, ती पुठ्ठ्याची कुपनं आज गोळा करणाऱ्यांना चांगली माहितीयत. पण ती राजाची. खाजगी व्यापाऱ्याची चिठ्ठी हा वेगळा प्रकार, आणि ती सापडतच नाही, कारण ती परत आली की दुकानदार फाडून टाकायचा.

पितळाचं काय झालं

डीलरचं म्हणणं साधं होतं, जुनं पितळ, वर दुकानाची अक्षरं, युद्धाच्या काळातलं घर, म्हणजे टंचाई टोकन. आता एकेक बघू.

पहिली गोष्ट, कुठल्याच बिल्ल्यावर रक्कम नाही. पैसा, आणा, चहा, शेर, काहीच नाही. नुसता नंबर. दुसरी, एकही नंबर दोनदा नाही, १ पासून ४८ पर्यंतचे नंबर, मधले अकरा गायब. आता पैशाच्या जागी द्यायची वस्तू असेल तर एकाच किमतीचे पन्नास-शंभर सारखे नग पाहिजेत, प्रत्येक नग वेगळा कशाला ठोकतील? चिठ्ठीवर नंबर टाकतात ते खोटी चिठ्ठी येऊ नये म्हणून, पण तिथं रक्कम पण असते. तिसरी, भोक कडेला आहे आणि भोकाच्या वरची कड झिजून पातळ झालीय, म्हणजे बिल्ला दोऱ्यात किंवा खिळ्याला वर्षानुवर्षं लटकलेला आहे. हातोहात फिरलेलं नाणं चहूबाजूनं, उंचवट्यावर झिजतं, हे एकाच जागी झिजलंय.

चौथी गोष्ट आमच्या लोकांना कायम विसरायला होते. १८८९ चा मेटल टोकन्स ॲक्ट होता, सरकारच्या परवानगीशिवाय पैसा म्हणून वापरायला धातूचा तुकडा बनवणं, वापरात काढण्यासाठी जवळ ठेवणं किंवा देणं ह्याला बंदी होती. हा कायदा पुढं २०११ च्या कॉइनेज ॲक्टनं रद्द होऊन त्याच्यात सामावला गेला, म्हणजे युद्धाच्या काळात तो पूर्ण लागू. आता कायदा आहे म्हणून कुणीच मोडला नाही असं मी म्हणत नाही, पण ज्या दुकानदाराला चार पैशाची चिठ्ठी काढायचीय तो साचा करून, पितळ (तेही युद्धात महाग झालेलं) विकत घेऊन, पोलिसाला आयता पुरावा कशाला तयार करेल? पुठ्ठा फुकट आहे, आणि जळतो.

ग्रुपवर लगेच एकानं अमेरिकेचं उदाहरण टाकलं, तिकडं यादवी युद्धात १८६२ ते ६४ दुकानदारांनी तांब्याची लाखो टोकनं पाडली की, मग इकडं का नाही. पाडली ना. पण तिकडं धातूच्या सेंटाच्या टोकनांवर नेमकी बंदी आधी नव्हती. नाणी गायब झाली, शहरोशहरी डाय, म्हणजे ठोकायचे साचे, कोरणारे बसले होते, त्यांनी धंदाच उघडला, आणि २२ एप्रिल १८६४ ला काँग्रेसनं सेंटाच्या खाजगी टोकनांवर बंदी घातल्यावर ते थंडावलं. तिकडं गॉल्ट नावाच्या माणसानं पोस्टाचं तिकीट पितळी चकतीत अभ्रकाखाली बसवून १८६२ लाच पेटंट घेतलं होतं, तीही आज लई महाग. आपल्याकडं बंदी अर्धशतक आधीच बसलेली. म्हणून अमेरिकेचा अल्बम बघून सोलापूरचं पितळ ओळखायला जाऊ नये एवढंच.

शेवटी घरातल्या आजींना विचारलं. नव्वदीच्या पुढच्या, ऐकायला कमी येतं, पण बिल्ला हातात दिल्यावर फक्त भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हे पैसे नव्हं बाळा, हे मागावल्या लोकांचे बिल्ले हाईत. सकाळी आला की खिळ्याला अडकवायचा." नातवाचा चेहरा पडला, कारण डीलरचा दोनशेचा भाव डोळ्यासमोर. आता आजींची आठवण हा एकटा पुरावा मी धरत नाही, त्या लग्न होऊन ह्या घरात आल्या त्या युद्धानंतर, पण नंबर, भोक, झीज आणि त्यांचं बोलणं एकाच जागी येऊन टेकतं. हे हजेरीचे बिल्ले आहेत. त्यांची पण किंमत आहे, मागाच्या इतिहासात तर नक्की आहे, फक्त ते चिल्लर म्हणून कधी चालले नाहीत.

जाता जाता, पितळाच्या मोहाचं टोक म्हणजे ते १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं दोन आण्याचं नाणं. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, तरी दर महिन्याला कुणीतरी फोटो पाठवून करोडोचा भाव विचारतोच. त्याच्यापेक्षा हजेरीचा बिल्ला लाख पटीनं खरा.

चिठ्ठ्या

आता कचऱ्याकडं येतो.

४३ चिठ्ठ्यांत एक पैशाच्या १९, दोन पैशाच्या १६ आणि एक आण्याच्या ८. म्हणजे सगळा ऐवज ८३ पैसे, एक रुपया चार आणे तीन पैसे. प्रत्येकीवर रक्कम तीन तऱ्हेनं लिहिलीय, मराठीत शब्दात, खाली तेलुगूत, आणि कडेला टिपके, पैशाला एक, दोन पैशाला दोन, आण्याला चार. पूर्व भागातला विणकर पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारा, आणि ज्याला कुठलंच वाचता येत नाही त्याला टिपके. हे बघून मी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. वाक्य काय तर "दोन पैशाचा माल द्यावा" आणि खाली सही. पैसे द्यावे असं कुठंही नाही, माल द्यावा. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या ३१ व्या कलमानं मागताक्षणी धारकाला पैसे देण्याचं वचन लिहून देणं खाजगी माणसाला मना आहे, ते काम बँकेचं आणि सरकारचं. त्या दुकानदारानं कलम वाचलं होतं असं नाही, पण पेठेत कुणीतरी वकिलाकडं बसणारा असतोच. मला तरी हे वाक्य विचार करून लिहिलेलं वाटतं.

पुठ्ठा दोन तऱ्हेचा. काही कापडाच्या ताग्यात घालतात तसला करडा, आणि काही कॅलेंडरचा. कॅलेंडरवाल्या मागनं छापील तारखा दिसतात, पण वर्ष कुठल्याच तुकड्यावर आलेलं नाही, सालं तेवढंच कात्रीत गेलंय. तरी दोन तुकडे जुळवून लावल्यावर एवढं दिसलं की फेब्रुवारी २८ ला शनिवारी संपतो आणि १ मार्च रविवारी येतो. म्हणजे लीप नसलेलं आणि गुरुवारी सुरू झालेलं वर्ष. तसली वर्षं १९२५, १९३१, १९४२ आणि १९५३. ५३ मध्ये पण आणे-पैसेच होते, दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली, त्यामुळं नुसत्या कॅलेंडरवरनं १९४२ म्हणून उडी मारता येत नाही, एका मित्रानं मारली होती आणि ग्रुपवर टाकूनही मोकळा झाला होता. कॅलेंडर फक्त एवढं सांगतं की चिठ्ठी ह्याच्या आधीची नाही, कारण चालू वर्षाचं कॅलेंडर कुणी कापत नाही, वर्ष सरल्यावर कापतात.

तिकिटांनी गाडी पुढं सरकली. बटर पेपरमधली तिकिटं ३ पैची, करड्या रंगाची, सहाव्या जॉर्जच्या १९४०-४३ च्या मालिकेतली. ३ पै म्हणजे बरोबर एक पैसा, म्हणजे ही पत्राला लावायला आणलेली नसून मोड म्हणून ठेवलेली असावीत असा अंदाज, चारची घडी म्हणजे एक आणा. आता ती चिकटल्यामुळं तिकीट गोळा करणाऱ्याच्या दृष्टीनं मातीमोल, पण सोडवायची नाहीत. चिकटलेली घडीच तर पुरावा आहे. ह्यानं १९२५ आणि ३१ बाद झाले, आणि १९४९ पासून तिकिटं बदलली त्यामुळं ५३ पण लटकंच वाटायला लागलं. तरी तिकिटं आणि चिठ्ठ्या एका डब्यात सापडल्या म्हणून एकाच वेळच्या, असं वकील मानणार नाही. मीही मानलं नाही.

खरं कुलूप वहीनं उघडलं. गावात मोडी वाचणारे अजून आहेत, त्यातले एक जाणते काका संध्याकाळी घरी येऊन बसले, भिंग लावून, मध्ये मध्ये चहा. वही दिवाळी पाडव्याला मांडलेली, पहिल्या पानावर शके १८६४ आणि संवत १९९९ दोन्ही. दोन्ही एकत्र बसतात ते नोव्हेंबर १९४२ लाच. पौषात, संक्रांतीच्या आठवड्यात, म्हणजे जानेवारी १९४३ मध्ये पहिली नोंद येते, "चिठ्ठ्या नव्या मारल्या", पुढं रक्कम. वेळ बघा, गड्ड्याचे दिवस, सिद्धेश्वराच्या यात्रेत प्रत्येकाला खुर्दा पाहिजे आणि खुर्दा नाही. मग दर महिन्याला थोड्या थोड्या. आषाढात, म्हणजे शके बदलून १८६५ झालेलं, "भोकाचे पैसे" दुकानात आल्याची नोंद, आणि श्रावणानंतर नवीन चिठ्ठी नाही. नवा पैसा बाजारात आला आणि चिठ्ठीची गरज संपली, इतकं सरळ क्वचित दिसतं.

पण ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो ती नोंद वेगळीच. दर आठवड्याला दोन नावं येतात, एक पिठाची गिरणी आणि एक चहाचं हॉटेल, आणि त्यांच्यासमोर "चिठ्ठ्या परत" म्हणून रक्कम, आणि बदल्यात नोट किंवा माल दिल्याची नोंद. म्हणजे ही चिठ्ठी फक्त दुकानाची उधारी नव्हती. बाई किराण्यातनं दोन पैशाची चिठ्ठी घेऊन निघाली, दळण आणायला गेली, गिरणीवाल्यानं ती घेतली, आणि आठवड्यानं तो चिठ्ठ्यांची जुडी घेऊन दुकानात आला. तीन दुकानांच्या मध्ये एक छोटी टांकसाळ चालू होती. हे कळल्यावर चिठ्ठ्या परत उलटून बघितल्या तर नऊ चिठ्ठ्यांच्या मागं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं एक छोटं "गि" आहे, आधी ते सगळ्यांना दिसत होतं, पण आम्ही डाग म्हणून सोडून दिलेलं. गिरणीवाल्यानं आपल्याकडं आलेल्या चिठ्ठीवर खूण केलेली. टोकन दुसऱ्याच्या गल्ल्यातनं फिरून आल्याचा असा पुरावा हातात मिळणं म्हणजे काय ते गोळा करणाऱ्यालाच कळेल.

हिशोबही बंद केलेला आहे. वर्षभरात मारलेल्या चिठ्ठ्या एकूण १२ रुपये ८ आणे, दिवाळीपर्यंत परत आलेल्या ११ रुपये ३ आणे, "फाडल्या" असा शेरा. बाकी १ रुपया ५ आणे परत आले नव्हते. आता डब्यातल्या ४३ पैकी २९ चिठ्ठ्यांचा कोपरा कात्रीनं कापलेला आहे, म्हणजे परत येऊन रद्द झालेल्या, आणि त्यांची बेरीज बरोबर तेरा आणे. फाडल्या त्या फाडल्या, मग ह्या २९ कुठनं आल्या? माझ्या मते ह्या वही मिटल्यानंतर परत आलेल्या. बाजारात भोकाचे पैसे आलेले, हिशोब संपलेला, कायद्यानं कुणी विचारणार नाही, तरी कुणी जुनी चिठ्ठी घेऊन आलं तर माल दिला, कोपरा कापला आणि डब्यात टाकली. तेरा आणे वजा केले तर हिशोबात उरले आठ आणे. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बिअरवाल्याची गोष्ट सांगतात, त्यानं लाखोंनी टोकनं काढली आणि घोडागाडीच्या ट्राम कंपनीनं जमलेला ढीग आणून पैसे मागितल्यावर सरळ हात वर केले. आमच्या साखर पेठेच्या माणसानं साडेबारा रुपयातले बारा रुपये फेडले. त्याच्या घरच्यांना हे ऐकवलं तेव्हा नातू काही बोलला नाही, त्याची बायको मात्र म्हणाली, "आणि आम्ही ह्याला कचरा म्हणूलालो होतो की."

मग किंमत कशाची

इथं खरा वाद झाला. न कापलेल्या १४ चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या ११ एकदम स्वच्छ, कोपरे धारदार, शाई ताजी. ग्रुपवरच्या दोघांना त्या पाहिजेत, कारण कंडिशन, अल्बममध्ये छान दिसतात, आणि नाण्यात आपण सगळे ग्रेडवरच जातो. पण ह्या अकरा चिठ्ठ्या बहुतेक कधी गल्ल्याबाहेर गेल्याच नाहीत, श्रावणात शिल्लक राहिलेला माल. टंचाईत ज्या खरोखर फिरल्या त्या मळलेल्या, तेलाच्या डागाच्या, कोपरा कापलेल्या, मागं "गि" असलेल्या. नाण्याला लागणारा नियम इथं उलटा फिरतो. मला विचारलं असतं तर मी कापलेली, डागाची, खूण असलेली एक पैशाची चिठ्ठी पहिली उचलली असती. उरलेल्या तीन मळलेल्या आहेत पण कापलेल्या नाहीत, त्यांच्यावर कात्री चालवायची राहून गेली असावी, उगाच त्याच्यावर थिअरी करत बसू नये.

आणि वही नसेल तर ह्यातलं काहीच उरत नाही. चिठ्ठ्या एका गिऱ्हाईकाला, बिल्ले दुसऱ्याला, वही रद्दीत, असं झालं असतं तर सहा महिन्यांनी कुठल्यातरी लिलावात "दुर्मिळ सोलापूर वॉर टोकन" म्हणून हजेरीचा बिल्ला दिसला असता आणि चिठ्ठ्यांची कथा संपली असती. म्हणून मी घरच्यांना एकच अट घातली, चिठ्ठ्या आणि वही फोडायची नाही, विकायची तर एकत्र, नाहीतर घरीच ठेवा. पितळ पाहिजे तर वेगळं विका, पण त्यावर "मागाचे हजेरी बिल्ले" असंच लिहून विका.

ठेवायचं कसं हे पण सांगतो कारण त्याच दिवशी घरातला एक मुलगा चिठ्ठ्या लॅमिनेट करून आणतो म्हणून निघालाच होता. लॅमिनेशन म्हणजे संपलं, गरम प्लॅस्टिक परत निघत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचा पण काही वर्षांनी चिकट रस सुटतो, त्यामुळं पॉलिस्टरची पाकिटं आणि ॲसिड-फ्री कागद. पाणी तर अजिबात नाही, कॉपिंग पेन्सिल ओली झाली की जांभळी शाई फुटून सगळीकडं पसरते आणि ते "गि" गेलं. वहीची वाळवी बघायची, पानं सरळ वरनं फोटो काढून ठेवायची, उजेड बाजूनं पाडून एक फोटो वेगळा, म्हणजे पुठ्ठ्यावरचे दाब दिसतात. पितांबरी लावलेले चार बिल्ले तसेच राहू देत, ते परत काळे करायच्या नादाला लागू नये. कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात नाण्याला शंभर वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला आणि दस्तऐवजाला पंचाहत्तरची, त्यामुळं वही आणि चिठ्ठ्या त्याच्यात बसतात का ते जाणकाराला विचारून घ्यावं.

डीलरला नातवानं सगळं स्पष्ट सांगितलं. त्यानं बिल्ल्यांचा भाव निम्म्यावर आणला, जे बरोबरच होतं, आणि घरच्यांनी १२ बिल्ले स्वतःला ठेवून २५ त्याला दिले. चिठ्ठ्या, तिकिटं आणि वही विकली नाही. आता दोन्ही बाजूंचे फोटो आणि वहीतल्या त्या पानांचं देवनागरीत वाचन एका फाईलमध्ये लावून झालंय, मोडीवाले काका अजून हॉटेलच्या नोंदी तपासतायत, कारण पेन्सिलीची दुसरी एक खूण चार चिठ्ठ्यांवर आहे आणि ती "गि" नाही.